तुमचं हसणं कुठली घंटा?

किणकिण, खळखळ, गडगडाट, खिदळणं... हसण्याच्या आवाजासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. प्रश्न एवढाच, की कुठला शब्द कोणाच्या वाट्याला येतो?

दुपारचे सव्वातीन. लंच होऊन गेलेला, चहा यायचाय. ऑफिसमधली ती टिपिकल पेंगुळलेली वेळ. एसीची घरघर, कीबोर्डची टकटक, कोणाच्या तरी हेडफोनमधून बाहेर झिरपणारं गाणं. आणि अचानक पॅन्ट्रीच्या बाजूने एक हसू येतं. हसू कसलं, अख्ख्या फ्लोअरवर घंटा वाजल्यासारखं वाटतं! दहा-बारा माना वळतात. दोन चेहरे आपोआप हसरे होतात, चार कपाळांवर आठ्या. आणि अर्ध्या मिनिटात हसणारीच्या स्क्रीनवर टीम लीडचा मेसेज टपकतो : ‘जरा हळू प्लीज.’

ही हसणारी माझी मैत्रीण. हिंजवडीत एका आयटी कंपनीत काम करते. काम चोख, डेडलाइन कधी चुकवत नाही. पण गेल्या अप्रेझलमध्ये तिला सांगण्यात आलं की, ‘प्रोफेशनल प्रेझेन्स’ थोडा सुधारायला वाव आहे. म्हणजे नेमकं काय, असं तिने विचारलं. समोरचा जरा घुटमळला आणि म्हणाला, ‘म्हणजे... तुझं ते हसणं.’

गंमत म्हणजे त्याच मजल्यावर पलीकडच्या कोपऱ्यात सेल्सची पोरं रोज एकमेकांना टाळ्या देत, टेबलं बडवत हसतात. त्याला तिथे ‘टीमची एनर्जी’ म्हणतात!

त्या संध्याकाळी कॉफीवर ती मला म्हणाली, “तू लिहितेस ना? मग सांग. इंग्रजी कादंबऱ्यांत माझ्यासारख्या हसण्याला ‘पील ऑफ लाफ्टर’ म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? आणि प्लीज, खिदळणं सोडून सांग.”

मी तोंड उघडलं आणि... काहीच सुचेना. मास कॉमची डिग्री, सात वर्षांची लिखापढी आणि साध्या हसण्याला शब्द सापडेना. बॉस, हे काही बरोबर नाही! म्हणून हा सगळा शोध.

घंटांचा घणघणाट, हसण्याचा...?

आठवते का तुम्हाला स्कॉलरशिपची परीक्षा? मध्ये ती पाचवीत गेली होती, आपल्या वेळी चौथीत होती. पिवळट पानांच्या त्या गाइडमध्ये ‘ध्वनिदर्शक शब्द’ नावाचं एक पान हमखास असायचं. आपण ते पाढ्यांसारखं घोकायचो. ढगांचा गडगडाट, विजांचा कडकडाट, पाण्याचा खळखळाट, तलवारींचा खणखणाट, नाण्यांचा छनछनाट, बांगड्यांचा किणकिणाट, पानांची सळसळ आणि घंटांचा घणघणाट.

आता जरा या यादीकडे मोठेपणी बघा. माणसाच्या हसण्याला तिच्यात स्वतःची अशी जागा नाही. हसणं आपलं बिचारं उसनवारीवर जगतं. पाण्याकडून खळखळ घेतं, म्हणून आपण ‘खळखळून’ हसतो. ढगाकडून गडगडाट घेतं, म्हणून सभेत ‘हास्याचा गडगडाट’ होतो. भात शिजतो तसं ‘खदाखदा’ हसतो. शेतातून तर फारच मजेशीर उसनवारी आहे. आपल्याकडे हशा ‘पिकतो’, खसखसही ‘पिकते’. गाण्याकडून ‘हास्याची लकेर’ येते आणि बागेतून ‘हास्याची कारंजी’.

इंग्रजीत मात्र एक शब्द तीन घरी राबतो. ‘पील’ हा शब्द (ब्यूटी पार्लरमधला नव्हे, त्याचं स्पेलिंग वेगळं) चर्चच्या घंटांना चालतो, ढगांच्या गडगडाटाला चालतो आणि हसण्यालाही चालतो. इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजवण्याचं एक आख्खं शास्त्र आहे. सात घंटा असतील तर त्या वाजवायचे ५,०४० वेगवेगळे क्रम होतात. एकही क्रम पुन्हा न येऊ देता ते सगळे वाजवून काढले की एक ‘पील’ पूर्ण होतो. त्याला साधारण तीन तास लागतात. तीन तास, न थांबता! आमच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बघ, मी तर फक्त दहा सेकंद हसले होते.”

मराठी याबाबतीत गरीब आहे असं मात्र समजू नका. उलट, आपल्याकडे एका शब्दाच्या जागी बारा आहेत. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. तो कोश चाळताना अशा आवाजी शब्दांची रांगच्या रांग भेटते. ‘हा आवाजाची नक्कल करणारा शब्द’ अशी खूण त्याला पुन्हा पुन्हा करावी लागली आहे. कानाने ऐकायचं आणि तोंडाने तसंच्या तसं सोडून द्यायचं, यात आपली भाषा एकदम तयार आहे. तेव्हा शब्द आहेतच. ते वाटले कसे गेलेत, ते बघायला हवं.

साहेब फिदीफिदी हसले?

एक छोटा खेळ खेळू. पुढची वाक्यं मोठ्याने वाचा.

साहेब खो खो हसले.

साहेब फिदीफिदी हसले.

पहिलं वाक्य ऐकून काहीच वाटत नाही. दुसरं ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आलेले साहेब एकदम हलके झाले ना? प्रमोशन कॅन्सल! आता उलटं करा. ‘वहिनी खुदकन हसल्या’ म्हटलं की छान वाटतं. ‘वहिनी सातमजली हसल्या’ म्हटलं की कोणीतरी वाक्य चुकलंय असं वाटतं.

मराठीत पुरुषाच्या मोठ्या हसण्याला वजनदार शब्द आहेत. गडगडाटी हास्य, सातमजली हास्य, दिलखुलास हास्य. खलनायक असो की व्यासपीठावरचा वक्ता, त्याचं हसणं निदान इमारतीएवढं किंवा ढगाएवढं तरी असतं. बाईच्या हसण्याला चांगले शब्द आहेत, पण सगळे लहान मापाचे. मंजुळ, किणकिणतं, खुदकन, गालातल्या गालात. म्हणजे पैंजणाएवढं, बांगडीएवढं वाजा. त्यापुढे आवाज गेला की भाषेचा सूरच बदलतो. मग ती ‘खिदळते’, ‘फिदीफिदी करते’, ‘दात काढते’. मुलगेही खिदळतात म्हणा, पण तुम्हीच आठवून बघा, घरात ‘काय खिदळताय?’ ही हाक कोणाच्या खोलीच्या दिशेने जायची?

थोडक्यात, बाईला घंटा व्हायची परवानगी आहे, पण देवघरातली. देवळातली नाही.

परतूरच्या पुढे, आष्टीला

हे सगळं मला माझ्या आजोळी फार लवकर कळलं होतं. कळलं होतं म्हणजे दिसलं होतं, कळलं आत्ता.

आजोळ आष्टीला. आता महाराष्ट्रात आष्टी म्हटलं की आधी खुलासा करावा लागतो. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं आष्टी नव्हे, १९४२ च्या हुतात्म्यांमुळे प्रसिद्ध झालेलं वर्धा जिल्ह्यातलंही नव्हे. हे आष्टी जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं. रेल्वेने जायचं तर परतूरला उतरायचं आणि पुढचा रस्ता एसटीने नाहीतर जीपने. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचो. कापूस वेचणीचे दिवस.

शहरातून गेलेल्या आम्हा पोरांना तिथे सगळ्यात आधी जाणवायचे ते आवाज. दिवसाचं टाइमटेबलच तिथे वाजायचं. पहाटे मारुतीच्या देवळातली घंटा, एकच ठोका आणि मागे लांबलचक घुमणारा नाद. मग बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा. रस्त्यावरून जाणारा गारीगारवाला हातातली घंटी हलवायचा, तिची टिणटिण. एसटी निघताना कंडक्टरची डबल बेल. आणि सुट्टी संपत आली की शाळेच्या व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पडणारे टोल. प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा, शब्द वेगळा आणि कामही वेगळं. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी. प्रत्येक घंटा कोणाला तरी बोलवत होती.

आणि आजी. घरात आजी हसायची ती पदर तोंडाला लावून. आवाज नाहीच, नुसते खांदे हलायचे. आम्ही बहिणी रात्री गोधडीत एकमेकींना चिमटे काढत हसायला लागलो की तिकडून आवाज यायचा, “कामून खिदळू लागल्यात गं? पावणे काय म्हणतील? पोरीच्या जातीनं एवढं हासू नये, माय.” पाहुणे कोणीही असोत, आमच्या हसण्यावर त्यांचं काय ते मत असणार, हे ठरलेलंच.

पण एकदा मी तिच्यासोबत कापूस वेचायला गेले. आठ-दहा बायका, कमरेला ओट्या बांधलेल्या, सऱ्यांमधून पुढे सरकत होत्या. कोणीतरी काहीतरी बोललं. मला कळलंही नाही काय ते. आणि आजी हसली. पदर नाही, हात नाही, काही नाही. मान मागे टाकून, पोटातून. तो आवाज शिवार ओलांडून पलीकडच्या बांधावर पोचला असणार, कारण तिकडच्या बायकाही, काय झालं ते न कळताच, हसायला लागल्या. मी आ वासून बघत राहिले. ही आजी मला माहीतच नव्हती.

कधीतरी असंच हसू घरातही सुटायचं, स्वयंपाकघरात, दुपारी, बायकाच असताना. मग ओसरीवरून आजोबा म्हणायचे, “साळा सुटली का काय!” तेवढ्यावर आतला आवाज बंद. आजोबा चिडून म्हणायचे असं नाही, गमतीतच म्हणायचे. पण बंद व्हायचा, हे खरं.

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. मामाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे. तिची नंतर सीडी केली, मग कोणीतरी मोबाइलवर घेतली. तिच्यात एका ठिकाणी, हळदीच्या वेळी, आजी अशीच मान मागे टाकून हसताना दिसते. फक्त दिसते. कारण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे व्हिडिओवाल्याने अख्ख्या कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवली आहेत! आजीचं हसू आमच्याकडे आहे, पण म्यूटवर. तो आवाज आता कोणाला सांगायचा तर शब्दातच सांगावा लागणार. आणि माझ्याकडे शब्द कुठला, तर तिनेच आम्हाला रागवायला वापरलेला. खिदळणं.

नारोशंकराची घंटा

मोठ्या आवाजाच्या माणसाला खरोखरच घंटा म्हणणारं एक गाव मात्र महाराष्ट्रात आहे. नाशिक. पंचवटीत गोदावरीच्या काठावर पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेलं रामेश्वराचं देऊळ आहे. लोक त्याला नारोशंकराचं मंदिरच म्हणतात. तिथे एक भलीमोठी पितळी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. साल इसवी सनातलं, कारण घंटा मुळात पोर्तुगिजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळादेवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरही अशीच एक आहे. चर्चमधून निघाली, देवळात लागली, तरी घंटेचं काम बदललं नाही.

तर नाशिककडे ज्याचा आवाज चार घरं ओलांडून जातो, त्याला म्हणतात ‘नारोशंकराची घंटा’! म्हणतात ते बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच. पण जरा विचार करा. लढाई जिंकून, एवढं धूड वाहून आणून, कोणी ती हळू वाजावी म्हणून टांगली असेल का? तिची किंमतच मुळी तिच्या आवाजात आहे.

नाशिकची हीच गोदावरी पुढे वाहत जाऊन जालना जिल्ह्याची दक्षिणेकडची सीमा होते. आणि तिथे या गोष्टीचा दुसरा धागा सापडतो.

मारुतीच्या कमरेला किंकिणी

समर्थ रामदास जालना जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं जन्मगाव, जन्म १६०८ चा. दासबोधात त्यांनी मूर्खांच्या लक्षणांची जी लांबलचक यादी दिली आहे, तिच्यात कारण नसताना हसणाराही आहे. म्हणजे आमच्या आजीला आणि टीम लीडला, दोघांनाही तिथून सपोर्ट मिळाला असता!

पण याच समर्थांचं भीमरूपी स्तोत्र घ्या. शाळेत पाठ केलेलं असतं, अर्थाकडे लक्ष जात नाही. त्यात मारुतीच्या कमरेला घंटा आहे आणि किंकिणीही आहे. किंकिणी म्हणजे बारीक घंट्या, ज्यांच्यावरून किणकिण आठवते त्या. ब्रह्मांडाला गवसणी घालणारा बलभीम, आणि कमरेला किणकिणत्या घंट्या! गणेशोत्सवात आपण तारस्वरात म्हणतो ती गणपतीची आरतीही समर्थांचीच. तिच्यात गणपतीच्या पायांत रुणझुणणारी नूपुरं आहेत. कोणाला त्यात काही खटकत नाही, खटकण्यासारखं काही नाहीही.

माझा मुद्दा एवढाच आहे. चारशे वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने दणकट देवाला मोठी घंटा आणि छोटी घंटी, दोन्ही एकदम बांधल्या. छोटा आवाज बायकांचा आणि मोठा पुरुषांचा, ही वाटणी काही शब्दांच्या पोटातून आलेली नाही. ती आपण वरून चिकटवली आहे. आणि चिकटवलेलं स्टिकर काढता येतं.

अपील है!

आता त्या इंग्रजी ‘पील’कडे परत येऊ, कारण त्याच्या कुळात एक भारी गोष्ट दडली आहे. हा शब्द ‘अपील’चं आखूड झालेलं रूप. हो, तेच अपील, जे कोर्टात करतात आणि क्रिकेटच्या मैदानावर दोन्ही हात वर करून करतात. चर्चची घंटा म्हणजे लोकांना केलेलं आवाहन, ‘या’ म्हणून घातलेली साद. आधी साद, मग तिचा आवाज, मग घंटेसारखा कुठलाही घुमणारा आवाज, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. आष्टीतल्या घंटांचं काम काय होतं? तेच!

हसण्याचंही तेच काम आहे, असं सायन्स सांगतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन (२०१९ मध्ये ते वारले) यांनी मॉलमध्ये, फुटपाथवर, कॅम्पसमध्ये लोक कधी हसतात हे कान देऊन टिपलं. असे सुमारे १,२०० प्रसंग जमले. निष्कर्ष काय? माणसं हसली त्याआधी कोणीतरी जोक सांगितला होता, असं जेमतेम १० ते २० टक्के वेळाच घडलं. बाकीच्या वेळी आधीचं वाक्य ‘बरं, निघते मी’ इतकं साधं. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट जास्त चारचौघांत हसतो. म्हणजे हसणं हे विनोदाचं बिल नाहीच. ते ‘मी इथे आहे, तूही ये’ असं सांगणं आहे. कपाशीच्या पलीकडच्या बांधावरच्या त्या बायका काय ऐकून हसल्या असतील, ते मला प्रोव्हाइन वाचल्यावर कळलं.

याचा प्रॅक्टिकल पुरावा आपल्या मुंबईतच आहे. १३ मार्च १९९५ च्या सकाळी अंधेरीच्या लोखंडवालामधल्या एका बागेत डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन लाफ्टर क्लब सुरू केला. सुरुवातीला रोज जोक सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगल्या जोकचा स्टॉक संपला! मग त्यांनी जोकच काढून टाकले आणि नुसतं हसायला सुरुवात केली. एक हसला की दुसरा हसतो, एवढ्यावर ही गाडी जगभर गेली. मुंबईच्या बागांमध्ये सकाळी साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या आज्या हात वर करून गडगडाटी हसताना बघितल्या की बरं वाटतं. तिथे कोणी म्हणत नाही, शाळा सुटली का काय.

थिएटरमध्येही हा आवाज ऐकू आला. २०२१ मध्ये ‘झिम्मा’ आणि २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ बघायला बायका ग्रुप करून, गॉगल लावून, नटूनथटून गेल्या. मी दुसऱ्या सिनेमाला आईसोबत होते. पडद्यावरचे निम्मे डायलॉग ऐकूच आले नाहीत. आमच्या पुढच्या रांगेतल्या एक काकू अशा काही हसत होत्या की इंटरव्हलमध्ये मागच्या रांगेतून त्यांना समोसा पाठवण्यात आला. पूर्वी हे मंगळागौरीच्या रात्रीच चालायचं. वर्षातून एकदा, बायकाबायकांत. आता तिकीट काढून चालतं.

टाइप केलेलं हसू

आणि आपण, म्हणजे तुम्ही-मी, क्युबिकलमधली पिढी? आपण हसतो कुठे, टाइप करतो. आधी एसएमएसमध्ये एलओएल आलं, मग चॅटवर ‘हाहाहा’. २०१५ मध्ये तर ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा, म्हणजे चक्क एक इमोजी, वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ओठ मिटलेले, चेहरा दगड आणि बोटांतून हसण्याचा पूर! शेजारच्या खुर्चीवरच्याला पत्ता नाही. प्रोव्हाइनच्या भाषेत सांगायचं तर घंटा आहे, पण तिची जीभ काढून ठेवली आहे. आजीच्या सीडीसारखंच, चित्र आहे, आवाज नाही.

मग यावर उपाय? ऑफिसात मुद्दाम आरडाओरडा करा, असं मी म्हणणार नाही. क्लायंट कॉल चालू असेल तर सगळ्यांनीच हळू हसावं, सेल्सच्या कोपऱ्यानेही. पण शब्द तर बदलता येतील? तुमच्या सोयीसाठी ही छोटी डिक्शनरी. कापून डेस्कवर लावा!

खुदकन : पटकन, छोटं, मनापासून. मीटिंगमध्ये बॉसची स्लाइड उलटी दिसली तर.

किणकिणतं : बारीक, लागोपाठ, धातूसारखं स्वच्छ. मुलांनीही वापरायला हरकत नाही. मारुतीरायांची परवानगी आहे.

खळखळून : अडवलं नाही तर वाहत राहणारं. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर.

खो खो : पोट धरून, श्वास लागेपर्यंत. कॉलेजच्या ग्रुपसोबत.

गडगडाटी : समूहाचं हसू. अप्रेझलचं पत्र एकत्र वाचताना.

फिदीफिदी : दुसऱ्याच्या फजितीवर. हे मात्र खरंच टाळा. आणि कोणी मोकळेपणाने हसलं तर त्याला हे नाव देणंही टाळा.

आणि तो हरवलेला शब्द

राहिला मैत्रिणीचा प्रश्न. खिदळणं सोडून काय? उत्तर शेवटी जुन्या वर्तमानपत्रांत सापडलं. पूर्वीच्या बातम्यांत, कथांत टेबलावरचा काळा फोन ‘वाजायचा’ नाही, तो ‘घणघणायचा’. आठवलं? ‘मध्यरात्री फोन घणघणला.’ शब्द देवळातल्या घंटेचा, पण फोन आल्यावर मराठीने तो सरळ उचलून फोनला दिला. कोणाची परवानगी घेतली नाही, कुठल्या समितीची बैठक झाली नाही. ‘खणखणीत’चंही तसंच. नाण्यावरून तो आवाजाकडे गेला आणि तिथून थेट उत्तराकडे.

मग घंटेचा शब्द फोनला चालतो, तर हसणाऱ्या बाईला का नको? ती घणघणून हसली. त्यात टोमणा नाही, लाडिकपणा नाही, पैंजणही नाही. चांगली देवळातली घंटा आहे, जिचा ठोका पडला की गावाला कळतं.

मी मैत्रिणीला फोन करून हा शब्द सांगितला. ती ऑफिसमध्येच होती. “घणघणून?” तिने एकदा म्हणून बघितलं, पुन्हा एकदा म्हणून बघितलं आणि मग जे व्हायचं तेच झालं. मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मागून कोणीतरी विचारत होतं, “काय झालं गं?” आणि न सांगताच तेही हसायला लागलं होतं.

आजीच्या त्या सीडीचं काही करता येणार नाही. पण परवा मामेबहिणीच्या सात वर्षांच्या मुलीला मी तो तुकडा मोबाइलवर दाखवला. तिने विचारलं, “पणजी कशी हसायची?” मी सांगितलं, घणघणून. तिने दोन क्षण विचार केला, मान मागे टाकली आणि करून दाखवलं.

बरंचसं बरोबर होतं.